सरकीसकट कापूस

नाताळाला घर सोडून निघालेल्या बाईला आमच्या वसईत वेडी म्हणतात. यंदा तो वेडेपणा मी केला. माझा भाचा आंद्रू फादर होऊन वऱ्हाडात गेला आहे, दर्यापूरच्या पुढे एका लहान गावात. फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "मावशी, एकदा आमचा नाताळ बघ." शेवटी नवऱ्याला फ्रीजमधल्या डब्यांच्या हवाली केलं, पिशवीत नेवऱ्या (नाताळच्या करंज्या) भरल्या आणि गाडीत बसले. भाच्याने एवढंच बजावलं होतं, "येताना मूठभर कापूस आण. इथे प्रत्येक घर आणतं."

अकोल्याला भल्या सकाळी उतरले. थंडी अशी की चहाचा ग्लास सोडवेना. स्टेशनबाहेर औषधाचं दुकान उघडं दिसलं, म्हणून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी घेऊन टाकली. वसईची बाई कामाला कशी चोख असते, असं स्वतःलाच म्हणत मी दर्यापूरच्या बसमध्ये बसले.

दर्यापूरहून जीप. तीत माणसं किती बसतात हे विचारू नये. आणखी एक बसतंच. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तीवर पांढरी फुटलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). कमरेला ओटी बांधून बायका वेचणी करत होत्या. शेजारच्या बाईने माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं.

"नाताळाले चालल्या काय? म्हंजे सामुएलबावाच्या घंटेच्या गावाले!"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"घंटेले ओळखतो. आमी जयभीमवाले, आमचं गाव नाल्याच्या अलीकडं. पण घंटा वाजली का समजते, तिकडं काय झालं थे. मातीची असली तं एक टोल, मंग थांबते, मंग एक. लग्नाची दुहेरी, घोडं नाचल्यावानी."

"आणि मिस्साची, चर्चमधल्या प्रार्थनेची?"

"थे साधी. रोजची."

चर्च टिनाच्या छपराचं, बाजूला कडुनिंब, त्याच्या शेजारी घंटेचा लोखंडी मनोरा. आंद्रूची खोली इतकी लहान की त्यात तो आणि त्याची पुस्तकं एवढीच मावतात. माझी सोय त्याने घंटा वाजवणाऱ्या सामुएलबावांकडे केली होती. मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि गरम भाकरीबरोबर सोल्यांची भाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) वाढली. तिखटाने माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "रडू नका बाप्पा, दूध आणतो," म्हणत त्याच हसत सुटल्या.

जेवण झाल्यावर मी मोठ्या ऐटीत माझी निळी गुंडाळी काढली. सामुएलबावांनी ती उलटसुलट पाहिली.

"हा तं दवाखान्याचा कापूस होय. याच्यात जीव कुठं हाय बाई?"

मग त्यांनी मला सगळं समजावलं. बाळयेशूच्या गव्हाणीत अंथरायचा कापूस सरकीसकट (बियांसकट) लागतो, आणि तो आपल्या हाताने वेचलेला लागतो. ज्याला शेत नाही त्याने शेजाऱ्याच्या शेतातून वेचावा, कुणी नाही म्हणत नाही. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी सामुएलबावा गव्हाणीपाशी उभे राहून एकेका घराला हाक मारतात. हाक आली की त्या घरातल्या माणसाने आपली मूठ ठेवायची. शेवटी सामुएलबावांचं घर, त्यांची मूठ बाळाच्या डोक्याखाली. मग बाळाची मूर्ती त्यावर निजवायची. त्यानंतर कापूस घालायचा नाही. पावसाळ्यात त्यातली सरकी चर्चच्या कुंपणाला लावतात.

दुपारी मार्थाबाई मला कापूस वेचायला शेतात घेऊन गेल्या. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघाली. वेचता वेचता त्या हळूच बोलल्या.

"माही रूथ येऊन राहिली उद्या. नांदगाव खंडेश्वरले देली. देली कायची, तिनंच केलं. पोरगा बौद्धाचा, लय गुणाचा. कचेरीत लगन लावलं. तवापासून बावा तिच्याशी बोलत नाई. दोन नाताळ झाले, तिच्या घराले हाक नाई मारली."

"आणि यंदा?"

"यंदा तिचा सासरा येतो म्हणते. गुर्जी हायत, रिटायर झाले. सोताच्या वावरातला कापूस घेऊन येतो म्हणे. बावानं हाक नाई मारली तं? एवढा मोठा माणूस दारातून वापस जाईन. मंग पोरगी कोणत्या तोंडानं येईन माहेरी?"

मी कापूस वेचत राहिले.

संध्याकाळी आंद्रूला गाठलं. "तू फादर ना? सांग त्यांना दोन शब्द."

"मी सांगितलं तर ते लगेच ऐकतील, मावशी," तो म्हणाला. "म्हणूनच सांगत नाही."

असली उत्तरं याला सेमिनरीत शिकवतात की काय कोण जाणे. मग मीच जेवताना विषय काढला. वसईच्या जिभेला हाड नसतं. "बावा, लेकीवर किती दिवस राग धरणार?"

मार्थाबाईंचा हात तव्यावरच थांबला. सामुएलबावांनी मात्र घास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "राग नाई बाई. राग असता तं उतरला असता. या गावातल्या समद्या पोरींच्या लग्नाची घंटा म्या वाजवली. माह्याच पोरीची नाई वाजवली. थेच गळ्यात अडकून राह्यलं."



दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चर्च भरलं. बाळयेशूचा गोठा पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचा होता. सामुएलबावा धुतलेलं धोतर नेसून गव्हाणीजवळ उभे राहिले आणि हाका सुरू झाल्या. "पाण्याच्या टाकीजवळचं घर!" "मिस्त्र्याचं घर!" "सिस्टर लोकाचं घर!" लोक येत होते, वाकून मूठ उघडत होते. एका म्हातारीने तर ठेवताना कापसालाच पापा दिला.

"वसईचं घर!"

मला क्षणभर कळलंच नाही. मग ओरखडलेल्या बोटांनी मी माझी मूठ ठेवली.

परत येताना दाराशी तिघं दिसली. रूथ, तिचा नवरा आणि पांढऱ्या सदऱ्यातले गुरुजी, हातात रुमालाची पुरचुंडी. चपला बाहेर काढून ते उभे होते. कुणी बसा म्हणालं तरी बसले नाहीत.

हाका संपल्या. आता सामुएलबावांचं घर. त्यांनी खिशातून आपला कापूस काढला, वाकले, आणि तसेच थांबले. सगळं चर्च त्यांच्या मुठीकडे बघत होतं. मार्थाबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बावा सरळ झाले. मूठ मिटलेलीच होती.

"नांदगाव खंडेश्वर..." आवाज बसला. त्यांनी खाकरून पुन्हा हाक दिली, "नांदगाव खंडेश्वर. माह्या इवायाचं घर!"

इवाई म्हणजे व्याही. मार्थाबाई सांगत होत्या, हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता.

गुरुजी पुढे आले, पुरचुंडी सोडली आणि हळूच विचारलं, "कुठं ठेवू?"

"अठी. डोक्याखाली."

ती त्यांची स्वतःची जागा होती. गुरुजींचा कापूस ठेवून झाल्यावर बावांनी आपली मूठ बाळाचे पाय येतील तिथे रिकामी केली. आंद्रूने बाळाला निजवलं. रूथ बापापाशी गेली, पण तो थांबला नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवून तरातरा बाहेर निघून गेला.

"मिस्साची वेळ झाली, घंटा वाजवायला गेले," मी म्हणाले.

घंटा वाजू लागली. माना वळल्या. मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे मिस्साची नाई वं बाई," त्या म्हणाल्या. "आयका ना. दुहेरी वाजून राह्यली."

नाल्यापलीकडची ती जीपमधली बाई आठवली. आज तिकडे कुणाचं लग्न, असं घराघरात विचारत असतील.

मी वसईला परतले त्याला आठवडा झाला. मार्थाबाईंनी दिलेल्या चार सरक्या खिडकीत वाटीत ठेवल्या आहेत. या खाऱ्या हवेत त्या रुजणार नाहीत, असं नवरा म्हणतो. असेलही. पण लेकीच्या लग्नाची घंटा दोन वर्षांनी वाजताना मी ऐकली आहे. सरक्या मी लावणार.