घराचं काहीच येत नाही

नागपूरच्या बाहेरच्या अंगाला आमची वस्ती होती. तिथे कोणी जुने घर विकायला काढले की एक दलाल लँब्रेटा स्कूटरवरून हजर व्हायचा. चपला न काढता आत शिरायचा, किल्लीने भिंत खरवडायचा आणि चुना गळताना बघून खूश व्हायचा. मला त्याचा संताप यायचा.

मोठ्या भावाने त्याला आमच्याकडेच बोलावले. बाबांनी उन्हातान्हात उभे राहून बांधून घेतलेले ते घर. दलालाने पावलांनी जागा मोजली, तीही आईचा मेथीचा वाफा तुडवत. मग ओसरीवर बसून आईने दिलेला चहा भुरकत म्हणाला, "काकू, पैसा प्लॉटचा हाये. घराचं काहीच येत नाही. उलट पाडाचा खर्च कापा लागन."

आईने त्याच्या हातातली बशी ओढून घेतली आणि चहा अंगणात फेकला.

"मंग पाडाच्या घरातला चहा काहून पिऊन राहिले? उठा!"

तो हसतच उठला. भावाला म्हणाला, "आईले समजावजा. मी रविवारी येतो."

रविवारी मी फाटकाला आतून कुलूप घातले. तो बराच वेळ हाका मारत राहिला. घरातले कोणीही उठले नाही, भाऊसुद्धा.