मह्याची स्टेज टू

आज बाणगंगेवर मह्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

का शिवत नव्हता ते मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो.

महेश, आमचा मह्या. लालबागचा, माझा शाळेपासूनचा मित्र. ऑफिसात छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेला. आज त्याचा दहावा.

त्याची ती लाल हॅचबॅक तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सेकंडहँड, टर्बो पेट्रोल. आठवडाभर माझगावला एका गोडाऊनच्या आवारात कव्हर घालून पडलेली असायची आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्यापाशी.

बाकीचे लोक अशी गाडी घेतात आणि पहिल्याच महिन्यात सगळं एकदम लावतात. पॉवर वाढते, मग क्लच जळतो, मग इंजिन बसतं, मग गाडी विकायला काढतात.

मह्याचं सगळं टप्प्याटप्प्याने.

"सुन्या, आधी नीट थांबता आलं पाहिजे. पळायचं नंतर बघू."

म्हणून आधी ब्रेक, टायर, रेडिएटर. त्यात वर्ष घालवलं. मी वैतागलो, तो नाही.

मग एक्झॉस्ट आणि ट्यूनिंग, म्हणजे स्टेज वन. ती झाल्यावरही पठ्ठ्या कितीतरी रविवार नुसती गाडी चालवत बसला. परत आला की बॉनेट उघडायचा, ऑइल बघायचा, कान देऊन इंजिन ऐकायचा.

"एका वेळी एकच बदल करायचा रे. नाहीतर बिघडलं कशाने ते कळणार कसं?"

स्टेज टू म्हणजे दणकट क्लच आणि टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. दोन्ही आणून ठेवलंय. खोकी अजून फोडलेली नाहीत. याच महिन्यात बसवणार होतो.

आता आज सकाळचं.

पिंड ठेवले. सगळे लांब उभे राहिले. कावळे भिंतीवर होते, पण एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या त्यांना."

मह्याचे वडील, अण्णा, पुढे झाले. "झिला, खा रे. आवशीची काळजी करू नको, मी आसंय."

कावळा नाही.

शलाका वहिनी, मह्याची बायको, हात जोडून म्हणाली, "मी खंबीर राहीन. घर सांभाळेन."

कावळा नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मित्रांनीपण बोला की काहीतरी." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा.

माझ्या ओठांवर आलं होतं. 'मह्या, स्टेज टू मी पूर्ण करतो.' एवढंच म्हणायचं होतं.

पण समोर अण्णा. रविवारी पोरगा घरात नसायचा म्हणून त्या गाडीवर त्यांचा कायमचा राग. तेराव्यानंतर गाडी विकून टाकायची, असं त्यांनी दोन दिवसांपूर्वीच सांगितलंय. वहिनीची नजर बघून वाटलं, तीही रागावलेलीच आहे. आणि एवढ्या रडणाऱ्या माणसांत क्लच आणि इंटरकूलरची भाषा करायची? लोक म्हणतील, याला काही पोच आहे की नाही.

मी म्हणालो, "मह्या, काळजी करू नकोस. सगळं नीट होईल."

असलं गुळमुळीत बोलणं मह्याला जन्मात आवडलं नाही.

एक कावळा खालच्या पायरीपर्यंत आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. विधी उरकला. अण्णा मात्र पिंडाकडे बघत उभेच राहिले. आपल्याच शब्दात काही कमी पडलं असं त्यांना वाटत होतं. ते मला दिसत होतं, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

परत निघताना टॅक्सीपाशी वहिनीने मला बाजूला घेतलं.

"तुला माहीत होतं ना, त्याचं काय राहिलंय ते?"

मी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीस रे? मी बोलले असते, पण नवऱ्याच्या दहाव्याला बायको गाडीचं बोलते म्हटल्यावर लोकांनी मला सोडलं असतं का? म्हणून तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, सुनील बोलेल."

ती टॅक्सीत बसून गेली. मी तिथेच उभा राहिलो, स्वतःचीच शिसारी आली मला.

कावळ्याला काय कळतं, असं म्हणणारा मीच. पण अण्णांना कळलं असतं. वहिनीला हलकं वाटलं असतं. एका वाक्याचं काम होतं, आणि मी लोक काय म्हणतील याचा विचार करत बसलो.

अण्णा फेसबुकवर नाहीत. म्हणून उद्या सकाळी लालबागला जाऊन त्यांना तोंडावर सांगणार आहे: गाडी विकू नका. आणि कमी तुमच्या शब्दात नव्हती, माझ्यात होती. ओरडले तर ऐकून घेईन. हाकलून दिलं तर परवा परत जाईन.

मह्या, श्रद्धांजली वाहायचं तोंड नाही मला. माफी मागतो.

आधी क्लच बसवतो. तो चालवून बघतो. मगच इंटरकूलर.

जा तू आता.