अ‍ॅब्रेसिव्ह कोणाला म्हणतात

"तिला विचारा ना, ती कॉन्व्हेंटची आहे."

पार्टिशनच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं आणि मी स्क्रीनच्या जरा जवळ सरकले. खराडीच्या त्या ऑफिसात हे वाक्य जवळजवळ रोज माझ्या वाट्याला यायचं. रजेच्या मेलमध्ये 'विल' लिहायचं की 'वुड', क्लायंटनं वापरलेला अमुक शब्द चांगल्या अर्थानं आहे की वाईट. मी उभी राहायची, चार शब्दांत सांगायची आणि बसायची. शाळेनं मला इंग्रजी दिलं, बोलायची सवय काही दिली नाही. त्यामुळे शब्दकोश म्हणून मी बरी होते. कोणी उघडल्याशिवाय उघडत नसे.

त्या दिवशीचा शब्द होता अ‍ॅब्रेसिव्ह. आमच्या लंडनच्या क्लायंटनं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या, टेस्टिंगच्या ताईबद्दल लिहिलं होतं: काम उत्तम, नजर बारीक, फक्त कॉलवर जराशी अ‍ॅब्रेसिव्ह. ताई अमरावतीची. दोन महिन्यांसाठी तिला लंडनला पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि आमचे टीम लीड आता त्या एका शब्दापाशी अडले होते.

"अ‍ॅग्रेसिव्हसारखंच असेल. म्हणजे चांगलंच की," शेजारचा डेव्हलपर म्हणाला.

"तू राहू दे. तुझ्या दर वाक्याला ते लोक 'पार्डन' म्हणतात," लीड म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. अर्थ बघ, वापर कसा करतात ते बघ, आणि उद्या सकाळी मला सांग. उद्याच नाव कळवायचंय. चालण्यासारखं असेल तर तिचं, नाहीतर दुसऱ्या कोणाचं तरी."

मला बघायची काही गरज नव्हती. तरी मी मान हलवली. उत्तर द्यायचं एक दिवस पुढे ढकललं गेलं, एवढंच बरं वाटलं.

ज्या कॉलवरून हे सगळं झालं, त्यावर मी मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं याची नोंद, लिहायला होते. शुक्रवारी सॉफ्टवेअर ग्राहकांसाठी खुलं करायचं म्हणून क्लायंट हटून बसला होता. कोणाला काही शंका आहे का, असं त्यानं विचारलं. आमच्याकडचे सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसले. ताई तिच्या इंग्रजीत म्हणाली, "हो. पैसे भरायचं पान चालत नाही. मी रिपोर्ट पाठवला आहे. तुम्ही तो वाचलेला नाही." कुठे प्लीज नाही, सॉरी नाही. मग तिकडे कोणीतरी कपात चमचा फिरवत होतं तेवढं ऐकू आलं. पान खरंच चालत नव्हतं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ताई माझ्याशेजारी येऊन बसली. तीही कोथरूडलाच भाड्याच्या खोलीत राहायची.

"काय लिहिलंय वं त्यानं? सगळे माझ्याकडेच पाहून राहिले."

"खरखरीत," मी म्हणाले. "पॉलिश पेपरसारखं."

"म्हणजे मी घासते लोकायले?" ती हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जे चालत नाही ते चालत नाही म्हटलं मी. अजून कसं म्हणतात ते तूच शिकवून दे."

मला येत होतं. 'आय वंडर इफ', 'परहॅप्स वी कुड', अशी आडवळणाची, नम्र सुरुवात. शाळेत दहा वर्षं आम्ही तेच तर शिकलो. पण येरवड्याच्या सिग्नलला बस खोळंबली होती, समोर नुसते लाल दिवे होते, आणि ते सगळं तिला शिकवायचं मला जिवावर आलं. नुसतं थकल्यामुळे नाही. तिचं वाक्य मला पुरेसं वाटत होतं.

"स्वेटर घेऊन ठेवलाय मी," ती उतरताना म्हणाली. "मी नाही गेली तर अमरावतीत कोण घालेल तो, सांग."

घरी बाबा दिवाळीच्या रंगासाठी बाल्कनीचं ग्रिल घासत होते. "आलीस? धर, वरच्या पट्ट्या राहिल्यात. माझा हात पोचत नाही," म्हणत त्यांनी पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी चपला काढून, ओढणी खोचून घासत राहिले. बोटांची टोकं हुळहुळायला लागली. या शब्दाचा पहिला अर्थ हाच. दुसरा अर्थ माणसाच्या वागण्याबद्दल: दुखावणारं, टोचणारं. माणूस कोणता, ते मात्र शब्दकोशात लिहिलेलं नसतं.

आणि मग मला क्लायंटचे जुने मेल आठवायला लागले. सगळ्यांनी ते कधी ना कधी अर्थ विचारायला माझ्याकडे आणले होते. आमच्या एका सीनियरनं कॉलवर टेबल आपटून 'नॉन्सेन्स' म्हटलं होतं, त्याच्याबद्दल आलं होतं 'पॅशनेट', कामात जीव ओतणारा. लीडनी एकदा क्लायंटचं बोलणं मधेच तोडून फोन ठेवला, तेव्हा 'रिफ्रेशिंगली डायरेक्ट', म्हणजे सुखावणारा स्पष्टपणा. तो मेल त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवला होता. अ‍ॅब्रेसिव्ह मी याआधी एकदाच वाचला होता, तिकडच्याच हिशेबखात्यातल्या एका बाईबद्दल.

सकाळी मी केबिनच्या दारात उभी राहिले. रात्रीची झोप नीट झाली नव्हती आणि बस नेहमीसारखी उशिरा पोचली होती.

"हं, काय म्हणतो शब्दकोश?" लीडनी मान वर न करता विचारलं. "एका वाक्यात सांग. चहा गार होतोय."

एक वाक्य तयार होतंच. ते खोटंही नव्हतं. ते सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं नाव लिहिलं असतं आणि मी जागेवर जाऊन बसले असते.

"अर्थ एका वाक्यात होईल, सर," मी म्हणाले. "पण हा शब्द ते कोणाला लावतात आणि कोणाला लावत नाहीत, ते सांगायला वेळ लागेल. त्यात तुमच्याबद्दलचाही एक मेल आहे. बसू का?"