गुड्रुनचं पाकीट

गुड्रुन आमच्या दुर्बिणीवर एकतीस वर्षं आहे, मी सव्वीस. मी त्या अवाढव्य तबकडीच्या रुळांना ग्रीस लावतो, ती आत बसून आकाशातले रेडिओतरंग टिपते. सध्या सगळे एका मेलेल्या ताऱ्याच्या मागे आहेत. आकार शहराएवढा, पण चुंबकत्व अफाट. विश्वात न दिसणारं कृष्णद्रव्य भरलंय म्हणतात. त्याचे कण ताऱ्याच्या त्या चुंबकत्वात सापडले, तर त्यांचे रेडिओतरंग होतील म्हणे, रेडिओ स्टेशनसारखे एकाच ठरावीक आकड्यावर. तो आकडा हुडकायचा.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. शास्त्रज्ञ हुरळून जाऊ नयेत म्हणून गुड्रुनने नोंदींत गुपचूप एक खोटी खूण घालायची. किंवा नाही घालायची, तिची मर्जी. आकडा कागदावर लिहायचा, नाहीतर कागद कोरा ठेवायचा. पाकीट सीलबंद. सगळं काम संपल्यावरच फोडायचं.

मार्चमध्ये लेनार्टला, आमच्या तरुण साहेबांना, खूण सापडली. पठ्ठ्या जिन्यावरून नाचतच खाली आला. दोन महिने तपासण्या चालल्या, मग मेमधल्या एका शुक्रवारी अकराला पाकीट फोडायचं ठरलं.

त्याआधीच्या बुधवारी जेवताना गुड्रुन सूपमध्ये नुसता चमचा फिरवत बसली.

"काय गं, मीठ कमी आहे?"

"योअखिम, मला आठवत नाहीये."

"काय आठवत नाही?"

"मी खूण घातली, की कागद कोरा ठेवला. पाकिटावर सही माझीच आहे. आत काय, देव जाणे."

"दीड वर्ष झालं बाई! मला कालची भाजी आठवत नाही."

"तुझं सोड. मी घातलेली एकूण एक खूण मला तोंडपाठ आहे." तिने चमचा खाली ठेवला. "आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी मलाच नर्स म्हणायची."

"मग फोड की आत्ताच!"

"आणि पोरांची दोन वर्षं मातीत घालू? आधी फोडलं की सगळं बाद."

दोन दिवस मला घास गेला नाही. ज्या कृष्णद्रव्याची मी जन्मभर टिंगल केली, ते खरंच असू दे रे बाबा, म्हणून मी रुळांवर बसून विनवण्या करत होतो. कागद कोरा निघाला म्हणजे झालं. विसरण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं, असं तरी म्हणता येईल.

शुक्रवारी केक आला, शॅम्पेनची बाटली आली. लेनार्टने पाकीट फोडलं. त्याचा चेहरा उतरला.

कागदावर आकडा होता. तोच. गुड्रुनच्या अक्षरात, तिची ती मध्ये रेघ मारलेली सातं.

मग लेनार्टच हसत सुटला. "काय नाटकी बाई आहात हो तुम्ही! दोन महिने चेहऱ्यावर रेष हलू दिली नाहीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुड्रुन हसली, मानही लववली. मला टाळी वाजवता आली नाही. माझा हात तिने टेबलाखाली घट्ट धरून ठेवला होता.