नऊ मिनिटांची लढत

शिक्षकखोलीतले किस्से कोणी जपून ठेवत नाही. ते वेळच्या वेळी कोणी आवरत नाही, म्हणून साठतात. माझ्या कपाटात आजही एक जुने हजेरीपत्रक आहे. त्यात एकाही विद्यार्थ्याचे नाव नाही. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे : ‘हवालदार रतनसिंग विरुद्ध डिक्रूझ. फेऱ्या तीन. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची.’

ही नऊ मिनिटे आमच्याकडे चौदा वर्षे चालली.

नाशिकच्या त्या शाळेत मी सदतीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातल्या एकाही तासाला उशिरा गेले नाही. शिकवलेले व्याकरण मुले केव्हाच विसरली असतील, त्याची तक्रार नाही. मला आठवण येते ती खिडकीजवळच्या टेबलाची आणि त्याच्या दोन बाजूंना बसून, कधीच न झालेल्या एका लढतीसाठी भांडणाऱ्या दोन गृहस्थांची. एक खैरनार सर, व्यायामशिक्षक, मूळचे सटाण्याकडचे. दुसरे पगारे सर, विज्ञानाचे, इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेले.

*

सुरुवात झाली ती एका ऑफ तासाला. खैरनार सर वर्तमानपत्रातला एका परदेशी हेवीवेट बॉक्सरचा फोटो पाहत होते.

“ह्याला आमच्या हवालदारानं पहिल्याच फेरीत झोपवला असता,” ते म्हणाले.

पगारे सरांनी वहीतून डोके वर न काढता उत्तर दिले, “आणि तुमच्या हवालदाराला आमच्या डिक्रूझनं.”

खैरनार सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. दोघे एकाच शाळेत पाच वर्षे शेजारी बसत होते आणि दोघांच्या मनात एकच लढत अडकून पडलेली आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले.

हकीकत अशी होती. साठच्या दशकात आमच्या भागात दोन हेवीवेट बॉक्सर होते. देवळालीच्या तोफखान्यातले हवालदार रतनसिंग आणि इगतपुरीच्या लोको शेडमधला, इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन डिक्रूझ. एका संध्याकाळी इगतपुरीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये त्यांची लढत ठरली. माणसे खिडक्यांवर चढून बसली. रतनसिंग रिंगमध्ये उतरले आणि त्याच वेळी घोटीच्या पुढे मालगाडी घसरल्याची बातमी आली. मदतगाडीच्या इंजिनावर डिक्रूझला बोलावणे आले, आणि तो गेला. पुढच्याच महिन्यात रतनसिंगांची सीमेवर बदली झाली. काही वर्षांनी डिक्रूझ कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला निघून गेला. लढत राहिली ती राहिलीच.

खैरनार सर तेव्हा कॉलेजात होते आणि हवालदारांकडे बॉक्सिंग शिकत होते. त्यांचे नाक थोडे डावीकडे वळलेले होते. ते हवालदारांनी दिलेले प्रमाणपत्र आहे, असे ते सांगत.

आवाज वाढू लागले, तेव्हा मी टेबलावर पट्टी आपटली. वाद घालायचा असेल तर पद्धतशीर घाला, असे बजावले आणि नियम लिहून काढले. एकाने ठोसा सांगायचा, दुसऱ्याने तो कसा चुकवला असता हे सांगायचे. मधली सुट्टी संपेपर्यंत उत्तर सुचले नाही, तर ठोसा बसला. निकालात निघालेल्या प्रत्येक ठोशामागे लढतीची दोन सेकंदे सरली असे धरायचे. पंच मी. घंटाही माझ्याच हातात.

“बाई, खोट्या लढतीला एवढे कडक नियम?” पगारे सर म्हणाले.

“लढत खोटी आहे. म्हणून नियम खोटे चालणार नाहीत,” मी म्हणाले.

*

त्यानंतरच्या एका घटक चाचणीची गोष्ट. खैरनार सर नववीच्या वर्गावर पर्यवेक्षणाला होते. वेळ जावा म्हणून त्यांनी विज्ञानाची प्रश्नपत्रिका वाचली. तिसरा प्रश्न असा होता : ‘एक फायरमन डाव्या हाताने दहा किलो कोळसा एक मीटर उंच उचलतो. असे तो मिनिटाला बारा वेळा करतो. तर त्याने एका मिनिटात केलेले कार्य काढा.’

खैरनार सरांनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. ‘सदर प्रश्नपत्रिका एका बाजूस झुकलेली असून हवालदाराच्या उजव्या हातावर तीत एकही प्रश्न नाही.’ मी त्या अर्जातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त करून दिल्या. मजकुरात लक्ष घातले नाही, कारण पंचाने घालायचे नसते. मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी शेरा मारला, ‘पुढील चाचणीत समतोल राखावा.’

पुढील चाचणीत प्रश्न आला : ‘एक हवालदार तेवढेच कार्य अर्ध्या वेळात करतो. तर दोघांच्या शक्तींची तुलना करा.’

वर्गातल्या सर्व मुलांनी हवालदाराची शक्ती दुप्पट काढली. खैरनार सरांनी आख्ख्या शिक्षकखोलीला मिसळ खाऊ घातली. उत्तर विरुद्ध बाजूने येणार, हे प्रश्न काढताना दिसले नाही का, असे मी पगारे सरांना विचारले.

“दिसलं ना, बाई,” तर्री वाढून घेत ते म्हणाले. “पण समतोल राखायचा होता.”

*

दुसरी फेरी रंगात आली होती, तेव्हाची ही गोष्ट. हवालदारांचा पदन्यास शब्दांत सांगता येत नाही, असे म्हणून खैरनार सर उठले. पगारे सरांना त्यांनी डिक्रूझच्या जागी उभे केले. दोन्ही बाकडी भिंतीला लावली. मी घंटा घेऊन मध्ये उभी राहिले. खैरनार सर टाचा उचलून, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला न शोभणाऱ्या चपळाईने, पगारे सरांभोवती फिरू लागले.

दार उघडले आणि पूर्वसूचना न देता तपासणीला आलेले शिक्षण खात्याचे अधिकारी आत आले. समोर मुठी वळलेले दोन शिक्षक आणि घंटा धरलेली एक शिक्षिका. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारले.

मी आयुष्यात वरिष्ठांशी खोटे बोललेले नाही. मी सगळे सांगितले. हवालदार, फायरमन, मालगाडी, नियम. दुसऱ्या फेरीची चाळीस सेकंदे शिल्लक आहेत, हेही सांगितले.

साहेबांनी हजेरीपत्रक मागून घेतले, चार पाने उलटली आणि खुर्ची ओढून बसले. आता कारणे दाखवा नोटीस येणार, असे सगळे धरून चालले होते.

“बाई,” शेवटी ते म्हणाले, “ह्यात दोघांचं वजन कुठेच लिहिलेलं नाही. असं कसं चालेल?”

मला आयुष्यात मिळालेला तो एकमेव प्रतिकूल शेरा.

*

एका श्रावणात खैरनार सरांनी माझ्यासमोर एक पोस्टकार्ड ठेवले. रतनसिंगांच्या मुलाने गावाहून पाठवलेले, हिंदीतले. हवालदार गेले होते.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघे टेबलाशी बसलो. ठोसा सांगायची पाळी पगारे सरांची होती. ते डबा उघडून नुसतेच बसून राहिले.

“मारा ना, सर,” खैरनार सर म्हणाले. “तुमची पाळी आहे.”

“आज डिक्रूझ ड्यूटीवर आहे,” पगारे सर म्हणाले. “आज नाही जमायचं.”

खैरनार सर एरवी माझ्या धाकाने शुद्ध बोलत. त्या दिवशी पोस्टकार्डावरून बोट फिरवत म्हणाले, “हवालदार वाघ शे, बाई.”

त्यांच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. मी ते वाक्य दुरुस्त केले नाही.

*

पगारे सरांचे खरे प्रकरण मला फार उशिरा कळले. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत आम्ही दोघेच बसलो होतो. लढत लवकर संपवता येईल का, असे त्यांनी एकाएकी विचारले. घाई कसली, असे मी म्हणाले.

तेव्हा ते बोलले. त्यांचे वडील, म्हणजे दादा, रेल्वेत कॉलमन होते. कोणत्या गाडीवर कोणाची पाळी आहे हे यादीत पाहायचे आणि त्या माणसाला घरून बोलावून आणायचे, हे त्यांचे काम. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन डिक्रूझला उठवून नेणारा माणूस म्हणजे तेच. एक नाव खाली सरकवून दुसऱ्याला नेले असते तर काय बिघडले असते, असे सगळी क्वार्टर्स म्हणत राहिली. ‘लढत खाल्लेला पगारे’ हे नाव वडिलांना चिकटले, मग मुलाला. वडील इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पुन्हा कधी गेले नाहीत. विचारले, की एवढेच म्हणत, “यादी ती यादी.”

मला त्या न पाहिलेल्या माणसाविषयी फार आदर वाटला. मीही तेच केले असते.

“मग डिक्रूझला हरू द्या की,” मी म्हणाले. “वडिलांनी त्याला वाचवलं, असं होईल.”

“कोण जिंकतं ह्याचं मला काही नाही, बाई. एकदा निकाल लागू द्या. तुमच्या सहीचा. दादांना नेऊन दाखवतो, की लढत झाली. तुम्ही खाल्ली नाहीत.”

आणि आठ वर्षे मी दोन-दोन सेकंदे मोजत बसले होते.

नियम मात्र मी बदलले नाहीत. सुट्टीखेरीज शाळा सुटल्यावरही बसू लागले, एवढेच. मी निवृत्त झाल्यावर दोघे दर शनिवारी माझ्या घरी येत. घंटा मी शाळेला नवी घेऊन दिली आणि जुनी बरोबर आणली होती.

*

खैरनार सरांच्या निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा तिसऱ्या फेरीची दहा सेकंदे शिल्लक होती. गुण समसमान होते. उरलेली लढत इगतपुरीलाच करू या, असे खैरनार सर म्हणाले. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे गेलो. हजेरीपत्रक आणि घंटा माझ्या पिशवीत होती.

पगारे सरांचे वडील ऐंशीच्या घरातले, ताठ बसणारे. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. कशासाठी आलो ते मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “चालू द्या.”

पहिले चार ठोसे दोघांनीही चुकवले. शेवटचा खैरनार सरांचा होता. ते म्हाताऱ्याकडे बघत राहिले.

“हवालदार पुढे आला,” ते म्हणाले. “हातांचा गार्ड खाली आला त्याचा. डिक्रूझचा डावा बसला. हवालदार पडला.”

चौदा वर्षांत त्यांनी हवालदाराला गुडघाही टेकू दिला नव्हता.

“काहीतरीच काय,” पगारे सर ताडकन उठले. “तो पडणाराच नव्हता. त्याचे पाय माहीत नाहीत का तुम्हाला?”

“तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत?”

“चौदा वर्षं ऐकतोय, सर. हवालदार बाजूला झाला. हुकला डिक्रूझचा डावा.”

दोघे एकमेकांच्या माणसासाठी इतक्या जोरात भांडू लागले, की शेजारची माणसे बाहेर आली. मी घंटा वाजवली. लढत संपली. गुण समान होते, निर्णय पंचाचा. मी पेनचे टोपण काढले.

“बघू,” म्हातारबुवा म्हणाले.

मी हजेरीपत्रक त्यांच्या मांडीवर ठेवले. आयुष्यभर याद्या वाचलेल्या माणसासारखे त्यांनी ते वाचले, प्रत्येक ओळीखाली बोट धरून, पहिल्या पानापासून. चांगला अर्धा तास लागला. शेवटच्या पानावर निकालाच्या कोऱ्या रकान्याशी बोट थांबले.

“छान ठेवलंय, बाई,” ते म्हणाले. मग मुलाकडे न बघता, माझ्याकडेच बघत म्हणाले, “त्या दिवशी यादीत पहिलं नाव डिक्रूझचं नव्हतं. मी दुसऱ्यालाच बोलवायला हॉलवर आलो होतो. डिक्रूझ हातावरच्या पट्ट्या सोडत मागच्या दारानं बाहेर आला न् म्हणाला, पगारे, माझं नाव घाल.”

“का?” खैरनार सरांनी विचारले.

त्यांनी हजेरीपत्रक मिटून माझ्या हातात दिले.

“मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “नाव घातलं.”