हजेरीत गप्प बसणारं नाव

मी कामाला आहे त्याच कपड्यांच्या कारखान्यात माझी वहिनी कॉलर शिवते आणि आमच्या कामगार संघटनेची वेबसाइटही तीच चालवते. जावास्क्रिप्ट ती स्वतःच शिकली, मोबाइलवर. ‘शिवणारी बाई कोड लिहिते’ म्हणून कोणी कौतुक करायला आलं की तिचं टाळकं सरकतं. माझंही.

मुकादम कारखान्याचा मागचा दरवाजा शिफ्टभर कुलपात ठेवतो. आग लागली तर बायकांनी पळायचं कुठून? बटणांची काजं करणाऱ्या एका मावशीने तशी तक्रार आमच्या साइटवर पाठवली. नाव फुटलं असतं तर तिला गेटवरूनच हाकललं असतं.

साइटवर तक्रार म्हणजे एक ऑब्जेक्ट, तीन खणांची पेटीच: विभाग, मजकूर, नाव. लूप, म्हणजे कोडमधला फेरा, एकेका खणाची हजेरी घेतो आणि ‘हजर’ म्हणेल त्याला पानावर छापतो. नाव आम्हाला हवंच, मावशीच्या पाठीशी उभं राहायचंय. पण हजेरीत ते गप्प बसायला हवं. म्हणून वहिनीने defineProperty लावलं, एकेका खणाला वेगळा नियम घालून देणारी आज्ञा. त्यातलं enumerable ठरवतं, खणाने हजेरीत ‘हजर’ म्हणायचं (true) की गप्प बसायचं (false).

“enumerable लिहू नका, ते आपोआप false असतं,” संघटनेचा सेक्रेटरी म्हणाला. “टाका पटकन, लोक खोळंबलेत.”

“माझीही तीच समजूत आहे. पण खोळंबू देत, आधी इथल्या इथे चालवून बघते.”

चालवलं. विभाग, मजकूर आणि खाली ठसठशीत मावशीचं नाव.

“बघितलंत?” वहिनी सेक्रेटरीवर कमी, स्वतःवर जास्त भडकली होती. “आपोआप false होतं ते नव्याने येणाऱ्याला. हे नाव फॉर्ममधून आधीच आत येऊन बसलंय. त्याला तोंडाने सांगावं लागतं.” तिने enumerable: false लिहिलं, पुन्हा चालवलं. नाव गेलं.

“म्हणजे कुलूप लागलं ना?” मी विचारलं.

“कुलूप कसलं, भावजी. कोडमध्ये थेट नावाने हाक मारली की ते ओ देणारच. म्हणून ऑब्जेक्ट संघटनेच्या कॉम्प्युटरवरच ठेवायचा. बाहेर जाईल ती फक्त हजेरी.”

दुसऱ्या दिवशी मुकादम मोबाइल नाचवत तिच्या शिलाई मशीनपाशी आला. “कोणाची तक्रार आहे ही? नाव का नाही?”

मावशी दोन मशीन पलीकडे काजं करत होती. तिचा पाय पेडलवरून निघाला.

“नाव आहे,” वहिनी कॉलर न सोडता म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही, एवढंच.”

“मला सांग.”

“सांगणार नाही. लिहिलंय ते खोटं आहे का, ते तुम्ही सांगा. चला मागच्या दरवाजाशी, सगळ्यांसमोर ढकलून बघू.”

ती उठली. तिच्यामागे अख्खी रांग उठली, मावशीसुद्धा. मुकादम किल्ली शोधत खिसे चाचपू लागला.