कलाबाईचं तीर्थलान

सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत कलाबाईचं नाव निघालं की लोक आधी नाक मुरडून दाखवायचे, कारण ती स्वतः सदानकदा नाक मुरडलेली. जिन्यात कुणी गुटख्याची पिचकारी मारली की ही बादली घेऊन हजर. धुवायची आणि धुता धुता थुंकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. नवरा भिकन कापडाच्या लूमवरची पाळी करून घरी यायचा, तर उंबऱ्यातच हुकूम सुटायचा, "पाय धुवा आधी." बाई वाईट नव्हती हो. पण किळस तिच्या अंगातच भिनलेली.

आणि अशा बाईला पहाटे डबा घेऊन कुठं जावं लागायचं, तर खाडीच्या काठाला. अख्ख्या चाळीत बायांना संडास नव्हता. पाय कुठं टाकावा कळायचं नाही. डुकरं मागेपुढे, आणि वरच्या रस्त्याने जाणारे मेले मुद्दाम सायकलची घंटी वाजवणार. प्लेग येऊन गेला, सुरत घासूनपुसून लख्ख झालं म्हणे. खाडीकाठची घाण मात्र जागची हलली नाही. परतल्यावर कलाबाईला चहा जात नसे. पोरगी सोनाली आता मोठी होत होती. तिलाही लवकरच याच वाटेने न्यावं लागणार होतं.

म्हणून त्या वर्षी चाळीतल्या बाया दगाभाऊकडे गेल्या. हा दगा कलाबाईच्या माहेरचा, खानदेशातल्या तापीकाठचा. वळकटी घेऊन सुरतला आला, उधन्यात लूम टाकले आणि दिनेशभाई झाला. नाव बदललं तरी दगा तो दगाच. त्याच्या मंडळाने तेव्हा मोठी शर्यत काढली होती. आधी तापी पोहून जायची, तिथून उधन्यापर्यंत सायकल, आणि पुढे बमरोलीच्या मैदानापर्यंत पळायचं. तिला म्हणे ट्रायथलॉन म्हणतात. चाळीतल्या बायांच्या तोंडी त्याचं तीर्थलान झालं.

बायांनी संडास मागितला, तर भाई चारचौघांत हसून म्हणाला, "तुमच्यातली एक बाई जरी ही शर्यत पुरी करेल ना, तर लगेच बांधून देतो." बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. बाया हिरमुसून परतल्या. कलाबाईला मात्र त्या हसण्याची खाडीपेक्षा जास्त शिसारी आली. तिने दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव दिलं.

"तुले पव्हता येस," भिकन म्हणाला, "पन सायकल चालाडता येस का?"

"शिकसू," ती म्हणाली.

पोहणं तिचं लहानपणचं, पाठीला भोपळा बांधून डोहात शिकलेली. पण सायकल भिकनची, मधल्या दांड्याची. गुडघे फुटले, कोपर सोललं, बघे फिदीफिदी हसले. एकदा तर ती थेट उकिरड्यात जाऊन पडली. त्या दिवशी न्हाणीत साबणाची नवी वडी संपली.

शर्यतीच्या दिवशी भाईने ओवाऱ्यावर, म्हणजे नदीच्या घाटावर, उभं राहून माइकवर भाषण ठोकलं. "तापी आपली माय. तिचं पाणी म्हणजे अमृत." त्या अमृतात निर्माल्याच्या पिशव्या, एक फुगलेलं कुत्रं आणि कुठल्याशा रंगाचा जांभळा तवंग तरंगत होता.

आता तापीकाठच्या माणसाची एक खोड असते. नदीत उतरण्याआधी ओंजळभर पाणी डोक्याला लावायचं आणि एक घोट प्यायचा. भिकनचा सदरा-पायजमा घातलेल्या कलाबाईने सवयीने घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. थुंकावं, तर मायच्या अंगावर थुंकणार कसं? तिने तो गिळला. मग मान वर काढून, ओठ घट्ट मिटून ती हात मारत राहिली. मध्येच पायाला काहीतरी मऊ लागलं. काय ते तिने बघितलं नाही. माहेरी याच नदीच्या तळातला दगड दिसायचा. कुणी केली हिची ही गत, या संतापानेच ती पल्याड लागली.

काठावर भिकन सायकल, लुगडं आणि चांगल्या पाण्याने भरलेला तांब्या घेऊन उभा होता. तिने तोंड धुतलं, लुगडं नेसून कासोटा खोचला. आणि इथे दुसरी खोड आडवी आली. नदीवरून रिकाम्या भांड्याने परतायचं नाही. बोलता बोलता तिने वाकून तांब्या भरला आणि मग कपाळावर हात मारला.

"ओती दे," भिकन म्हणाला.

पण तापीमायला धुळीत ओतायचं? तिने तांब्याचं तोंड फडक्याने बांधलं आणि तो हँडलला लटकवला. उधन्यापर्यंत तो हिंदकळत राहिला, आणि त्याचा वास थेट तिच्या नाकात. वाटेत उतरून ती गटारीकाठी ओकली. बाकीचे कधीच पुढे गेले होते. उधन्याला सायकल टाकली आणि हातात तांब्या धरून ती अनवाणी पळत सुटली. तांब्या घेऊन पळणारी बाई बघून पानटपरीवरची माणसं खिदळली. एक म्हणाला, "बाई, फार घाईची लागली वाटतं?" लागलीच होती. त्याचसाठी तर ती पळत होती.

मैदानात बक्षिसं वाटून झाली होती, भाई बुंदी-गाठिया खात होता. चाळीतल्या बाया मात्र हलल्या नव्हत्या. कलाबाईने फक्कीची रेघ ओलांडली आणि खालीच बसली.

"कलाबेन, टाइम थई गयो," भाई हात झटकत म्हणाला. "वेळेत आली असतीस तर गोष्ट वेगळी."

बायांचे चेहरे उतरले. कलाबाई उठली, मंचापाशी गेली, तांब्याचं फडकं सोडलं.

"दगाभाऊ, तापीमायनं तीर्थ शे. ल्या."

भाईचा उजवा हात आपोआप पुढे आला. खोड त्याच्याही अंगात होतीच ना. तळहातावर काळपट पाणी पडलं, वर जांभळी साय. वास नाकाशी गेला तसं त्याचं तोंड वाकडं झालं. सांडावं, तर तीर्थ सांडल्याचं पाप. प्यावं, तर आतडी बाहेर यायची. सकाळी अमृत म्हणाला होता तोच, आणि सारं मैदान त्याच्याकडे बघत होतं.

"पेता येत नही ना?" कलाबाई म्हणाली. "मंग संकल्प सोडा. संडासना."

हातात पाणी धरून दिलेला शब्द मोडत नाहीत, हे त्या मैदानात कुणाला सांगायची गरज नव्हती. भाईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ज्या संडासावर त्याने मनात कधीच पाणी सोडलं होतं, त्याच्यासाठीच त्याने माइकवर शब्द दिला आणि हातातलं पाणी सोडलं. ते नेमकं त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडलं.

संडास झाला. दारावर संगमरवरी पाटी बसली, 'दिनेशभाईंच्या सौजन्याने', अक्षरं चांगली वीतभर. थोडे दिवस गेले नाहीत तोच त्या पाटीवर कुणीतरी गुटख्याची लांबलचक पिचकारी मारली. बाया कलाबाईला बोलवायला धावल्या. ती बादली घेऊन आली. पायरी धुतली, दार धुतलं, कडीसुद्धा धुतली. पाटीपाशी जरा थांबली, नीट बघितलं, आणि बादली उचलून घरी गेली.